कोरडी सुई

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या घरफोडीतला माल कोणत्या गावच्या विहिरीत सापडला, हे आज कोणी विचारलं तर मी दोनदा चुकेन. पण सुईची ती घटना मात्र अजून जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की दर वेळी छातीतून एक मोठा सुस्कारा बाहेर पडतो. तो सुटकेचा असतो.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्ती जवळ आली होती. हाताखालची माणसं मला जरा बिचकून असत, कारण मला दोन गोष्टींचा भयंकर राग होता आणि आजही आहे. 'लोक म्हणतात' असं सांगणारा साक्षीदार, ही पहिली. समोरचा बोलतोय एक आणि लिहिणारा अंमलदार स्वतःच्या भाषेत लिहितोय दुसरंच, ही दुसरी. या दोन्हींनी मला त्या प्रकरणात पुरेपूर छळलं.

जेवणं उरकून ठाण्यात जरा सुस्ती आली होती. केळझरवरून आत गेलं की एक गाव लागतं, तिथल्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, गावात चिनी बाई आलती. तिनं सुई देल्ली आन् आपला दुकानदार पडला. तोंड सुजलं, त्याले दम घेता येऊन नाई राह्यला. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. लोकं लय तापले हायेत, बाईले घेरून बसले. लवकर या."

"बाई कुठे आहे?"

"शायेत. मास्तरानं आतून कडी लावून घेतली."

स्टेशन डायरीला नोंद टाकून मी जीप काढली. सोबत दोन अंमलदार आणि एक महिला शिपाई घेतली. गावात पोहोचलो तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर ही गर्दी. दगड कोणाच्या हातात नव्हता, पण दगड उचलायला वेळ लागत नाही. "चीनले वापस पाठवा तिले," असा एक आवाज मागून आला. असं ओरडणारा नेहमी मागेच उभा असतो, हे मी नोकरीभर पाहिलं. मी त्याला नुसतं "पुढे या हो, नाव सांगा" म्हटलं, तर तो दिसेनासा झाला.

वर्गात लहान मुलांच्या बाकावर एक साठीच्या पुढची बाई ताठ बसली होती. केस बारीक कापलेले, साधी सुती साडी, मांडीवर चामडी पिशवी घट्ट धरलेली. भोवती चार-पाच घाबरलेले विद्यार्थी आणि त्यांचे वर्ध्याचे सर. हे सर वर्ध्यात ॲक्युपंक्चर शिकवणारी एक लहानशी संस्था चालवत. बाई त्यांच्याकडे पाहुण्या शिक्षिका म्हणून आल्या होत्या. मी त्यांना जीपमध्ये बसवलं आणि ठाण्यात आणलं. कोठडीत नाही, माझ्याच खोलीत. चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

"आपण कोणत्या देशाच्या?" मी हिंदीत विचारलं.

बाईंनी पिशवीतून मतदार ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "कलकत्ता. हम वहाँ पैदा हुआ, हमारा माँ भी वहीं पैदा हुआ. चीन हमने देखा नहीं. आपने देखा है?"

मी नाही म्हणालो. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि फिर्यादीत 'चिनी महिला' असं लिहायला सुरुवात केलेल्या अंमलदाराला मी तो शब्द खोडायला लावला.

फिर्याद द्यायला दुकानदाराचा धाकटा भाऊ आला होता. दुकानदार म्हणजे गावातल्या किराणा दुकानाचा मालक, पन्नाशीचा, गुडघेदुखीने बेजार. हा धाकटा त्याच्याच दुकानात बसायचा. भावाला रुग्णालयात भरती करून, वहिनीला तिथे ठेवून तो टेम्पोभर माणसं घेऊन ठाण्यात आला होता. डोळे लाल झालेले, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं.

"दादाच्या गुडघ्याले सुई देल्ली बाईनं. देवळाच्या सभामंडपात. मी सोबत होतो साहेब, माह्या डोयानं पाह्यलं. घरी आला, दुकानात बसला, आन् धाडकन पडला. तिच्यावर केस करा. बोगस डॉक्टर हाय ते."

आता इथे कायद्याचं थोडं सांगावं लागेल, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरलं. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आहे, परिषद आहे, आणि तिथे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही लोकांना सुया टोचता येत नाहीत. दुसऱ्या राज्यातून शिकवायला येणाऱ्याला तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. बाईंची जी परवानगी मी पाहिली तिच्या अटी स्वच्छ होत्या. मुदत ठरलेली. फक्त शिकवण्यासाठी, विद्यार्थ्यांसमोर आणि इथल्या नोंदणीकृत माणसाच्या हजेरीतच सुई लावायची. जागा दोनच, संस्थेची इमारत आणि शिबिरासाठी त्या गावची जिल्हा परिषद शाळा. स्वतःचा दवाखाना थाटायचा नाही, कोणतंही औषध द्यायचं नाही.

अटींत राहून काम केलं असेल तर ती अधिकृत शिक्षिका. मग निष्काळजीपणाचा आरोप असला तरी आधी तज्ज्ञ डॉक्टरांचं मत घ्यायचं आणि नंतर पुढचं पाऊल. पण अट मोडली असेल, शाळा सोडून देवळाच्या मंडपात सुया टोचल्या असतील, तर तिची परवानगी तिथे लागूच नव्हती. मग ती आणि चौकातला भोंदू डॉक्टर आमच्या दृष्टीने एकच. थेट अटक. माणूस दगावला असता तर त्याहून मोठं कलम. उभा जन्म शिकवण्यात घातलेल्या त्या बाईचं 'शिक्षिका' असणं किंवा 'बोगस' असणं हे सभामंडप की शाळा, एवढ्या एका प्रश्नावर लटकलं होतं.

मी बाईंना तोच प्रश्न विचारला.

"मंडप में पंखा था, चटाई था," त्या म्हणाल्या. "सरपंच बोला, इधर बैठो, इधर ठंडा है. हम बोला, हमारा परमिशन में स्कूल लिखा है, हम स्कूल में बैठेगा. सब लोग हँसा. आप पूछिए."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. बाई शाळेत सापडल्या होत्या खऱ्या, पण जमाव अंगावर आल्यावर माणूस कुठेही आसरा घेतो. म्हणून मी गावात परत गेलो. शाळेच्या व्हरांड्यात पंचांसमोर घटनास्थळाचा पंचनामा केला आणि आरोळ्या ठोकणारे सोडून बाकीच्यांना एकेकटं विचारलं. पोलिसांनी गर्दीला विचारलं तर गर्दीचं उत्तर मिळतं. सरपंचाला बाजूला घेतलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "लय हट्टी बाई हाय साहेब! आमी मंडपात सतरंज्या टाकल्या, पंखे लावले, आन् ते म्हने शायेतच बसतो. उन्हात बसून राह्यली व्हरांड्यात. मंडपात पाय नाई ठेवला."

म्हाताऱ्या बायकांनीही तेच सांगितलं. एकीने तर वर "आमाले बी उन्हात बसवलं" अशी तक्रारही केली. मला त्या क्षणी त्या उन्हाचे उपकार वाटले.

म्हणजे बाईंच्या बाजूने एक गोष्ट पक्की झाली. पण दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात अडकली. धाकटा भाऊ छातीठोकपणे म्हणाला होता, 'मी सोबत होतो, सभामंडपात.' सभामंडपात तर कोणालाच सुई टोचली नव्हती. मग हा सोबत होता कुठे? शिबिर मंडपात भरणार हे त्याने आधी ऐकलं असेल आणि बेलाशक सांगून टाकलं असेल. खोटं बोलणाऱ्याचं असंच होतं, तो ठरलेला कार्यक्रम सांगतो, घडलेला नाही.

पण तो खोटं का बोलेल? सख्खा भाऊ मरणाच्या दारात, आणि हा खोटा साक्षीदार होईल? मला काही केल्या ते पटेना.

सकाळी मी सावंगीला गेलो. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं रोखठोक.

"साहेब, नुसत्या टोचण्यानं हे होत नाही. फुफ्फुसाला इजा आहे का ते पाहिलं, नाहीये. अंगावर गांधी उठल्या, घसा सुजला, रक्तदाब एकदम पडला. यांना काहीतरी औषध बाधलंय. आम्ही जीव धरून ठेवलाय, सुधारतील असं वाटतंय. पण कोणतं औषध गेलं ते मला पाहिजे. घरचे सांगतात, इंजेक्शन कुठलंच घेतलं नाही, फक्त त्या बाईंची सुई. त्या बाईंनी सुईला काही लावलं होतं का?"

"ते कळलं नाही तर काय होईल?"

"हे शुद्धीवर आले की ताप येईल, अंग दुखेल, गुडघा तर आधीच सुजलेला आहे. औषधं द्यावी लागतीलच. जे बाधलं तेच आमच्या हातून पुन्हा गेलं, तर दुसऱ्यांदा हा माणूस हाती लागेल याची मी खात्री देणार नाही."

एवढं ऐकल्यावर माझ्यापुरता तपासाचा अर्थच बदलला. गुन्हेगार नंतर सापडला तरी चालला असता, औषधाचं नाव मात्र आत्ता हवं होतं.

मी तिथूनच ठाण्यात फोन लावून सुईवाल्या बाईंना बोलतं केलं. रात्री त्यांना वर्ध्याला सरांच्या घरी पाठवलं होतं आणि सकाळी त्या स्वतःहून ठाण्यात येऊन बसल्या होत्या. सुईला काय लावलं होतं, असं विचारलं.

"कुछ नहीं. बंद पाकिट का सुई. चमड़ा पर स्पिरिट, बस. दवा देना हमको मना है."

"एक पाकीट उघडून आमच्या महिला शिपायाला दाखवता का?"

"थाने में हम सुई नहीं खोलेगा. थाना हमारा परमिशन में नहीं है."

परिस्थिती काय, आणि मला हसू आलं. सबंध नोकरीत नियमातून पळवाट शोधणारेच भेटले. नियमाला असं घट्ट धरून बसलेलं माणूस माझ्या खोलीत पहिल्यांदाच आलं होतं. पाकिटं न उघडता जप्त करून त्यांची पावती द्यायला मी सांगितलं. पण औषधाचं कोडं तसंच राहिलं.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर दुकानदाराची बायको भिंतीला टेकून बसली होती. डब्याला हात लावलेला नव्हता. मी तिच्याजवळ खाली बसलो. गणवेशातला माणूस उभा राहून विचारतो तेव्हा बाईमाणूस 'हो' आणि 'नाही' याच्यापलीकडे बोलत नाही, हा माझा अनुभव. मी साधंसुधं विचारत गेलो. आदल्या दिवशी त्यांनी काय खाल्लं? मासळी? काही चावलं वगैरे?

"काई नाई साहेब. पोहे खाल्ले, चहा घेतला."

"शिबिरातून घरी आले तेव्हा कसे होते?"

"चांगले होते. हासत होते. मी इचारलं, झाली का सुई? तं म्हने, कायची सुई, बाईनं कोरड्याच सुया टोचल्या, औषध तं टाकलंच नाई. कोरड्या सुईनं काय होते बाप्पा?" बोलताना तिला रडू फुटलं. "आन् पाहा ना, तिच्यानंच असं झालं."

मी थांबलो. कोरडी सुई.

आमच्या भागात सुई म्हणजे इंजेक्शन. डॉक्टरकडे जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न 'सुई देल्ली का' हाच असतो, आणि गोळ्यांवर बोळवण करणारा डॉक्टर गावात चालत नाही. मी याच मातीतला, कारंजा घाडगेकडचा, मीसुद्धा लहानपणापासून तेच बोलतो. म्हणूनच तर आम्हा कोणालाच खटकलं नव्हतं. फिर्यादीत सुई, पोलीस पाटलाच्या फोनमध्ये सुई, डॉक्टरीणबाईंच्या तोंडीही सुई, आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं की सुई एकच. पण आपण 'कोरडवाहू' तेव्हाच म्हणतो, जेव्हा शेजारी ओलिताचं वावर असतं. कोरडी म्हणणाऱ्याच्या मनात ओली असतेच.

"वहिनी," मी आवाज खाली ठेवून विचारलं, "मग ओली सुई कुठे घेतली त्यांनी?"

तिने चटकन माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. जिन्यात तिचा दीर चहाचे दोन कप घेऊन उभा होता. तिने पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "मले नाई माहीत. मी घरी होती. भाऊजीले इचारा."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं, पण त्या क्षणी तिला शंका आली होती, ती मला दिसली.

मी धाकट्याला रुग्णालयाच्या आवारात, वाहनतळाजवळच्या झाडाखाली नेलं. ओरडलो नाही. हातही उगारला नाही. खरं तर त्याच्याकडे पाहून मला कणवच येत होती.

"तू म्हणालास, मी सोबत होतो. हे सांगताना तुझा आवाज कापला नाही, म्हणजे तू खरंच सोबत होतास. पण मंडपात तर काहीच झालं नाही. बाईने शाळेत सुया टोचल्या, तेव्हा तू दुकानात होतास, तुमच्याच गिऱ्हाइकांनी सांगितलं मला. मग दादाला सुई टोचली तेव्हा तू कोणासोबत, कुठे उभा होतास?"

तो कपांतल्या चहाकडे पाहत राहिला.

"हे बघ. तुझा दादा शुद्धीवर येईल तेव्हा डॉक्टर त्याला दुखण्यावरचं औषध देतील. जे बाधलं तेच गेलं तर तो जाईल. तेव्हा मात्र बाईचं नाव सांगायला जागा राहणार नाही."

त्याच्या हातात अजून ते दोन्ही कप होते. मी ते काढून घेतले आणि कट्ट्यावर ठेवले.

"मीच नेलतो साहेब," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. "दादा घरी आला, म्हने कोरडी सुई टोचली. मीच म्हनलं, चाल, आपल्या डॉक्टरकडून औषधाची घेऊन टाक. गाडीवर मीच बसवलं. दवाखान्यातून आल्यावर तो पडला. डॉक्टर म्हने, माह्यं नाव नको घेऊ, बाईनं देल्लीच हाय ना सुई, तिचं सांग. आन् मी... दादा मेला तं गाव काय म्हनन साहेब? दुकानासाठी भावाले मारलं म्हनन. वहिनीले कोनतं तोंड दाखवू?"

त्याला रडू दिलं, पण फार वेळ नाही. गाडीत घातलं आणि गावाकडे निघालो.

ज्याला गाव 'डॉक्टर' म्हणत होतं त्याच्याकडे कसलीही पदवी नव्हती. नागपूरला एका दवाखान्यात कंपाउंडर होता, तिथे सुई टोचायला शिकला आणि गावात येऊन बसला. माणूस दुष्ट नव्हता. अर्ध्या गावाची दुखणी त्याने काढली होती, बोलावलं की यायचा, म्हणूनच गाव त्याच्यावर जीव टाकत होतं. पण अशा माणसांकडे आणीबाणीचं एकही औषध नसतं. रोग्याचं काही बिनसलं की ते फक्त पाटी उतरवतात. यानेही पाटी उतरवली होती, दाराला कुलूप होतं आणि स्वारी तुरीच्या वावरात पाणी द्यायचं निमित्त करून बसली होती.

"मी सुई देतच नाई साहेब. गोया देतो फक्त," तो म्हणाला. धाकट्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशा वेळी काय करत, ते सांगत नाही. मी खिशातून मोबाईल काढला, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो त्याच्या हातात दिला.

"माझ्याशी बोलू नकोस. गुन्हा काय लावायचा ते मी नंतर बघेन, आणि लावणार आहे, खोटं आश्वासन देत नाही. पण आधी या बाईंशी बोल. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी बोलतो तसं बोल. इतकी वर्षं लोकांनी तुला डॉक्टर म्हटलं ना? मग आज एवढं कर."

त्याने फोन कानाला लावला. पलीकडून बाई काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ 'हो मॅडम, हो मॅडम' करत राहिला. मग त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि त्याने औषधाचं नाव सांगितलं. डायक्लोफिनॅक. दुखण्यावरचं अगदी नेहमीचं, दुसरं काही मिसळलं नव्हतं. रिकामी बाटली बांधावरच्या कचऱ्यात होती, ती त्याने स्वतः काढून दिली आणि मी ती पंचांसमोर जप्त केली.

फोन परत माझ्याकडे आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साहेब, बरं झालं. घरचे इंजेक्शन घेतलं नाही म्हणाले होते, म्हणून दुखण्यासाठी आम्ही त्याच गटातलं औषध आज सुरू करणार होतो. थांबवते."

मी तुरीच्या वावरात, बांधावर, गणवेशासकट बसलो. अंमलदाराने पाणी आणून दिलं. धाकटा माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटलं, काहीतरी वाईट ऐकलं. मी मान हलवून सांगितलं, "वाचला तुझा दादा." तेव्हा तो कसा रडला ते मी लिहीत नाही. मलाही त्या वेळी सूर्याकडे पाहायचं निमित्त करावं लागलं.

भोंदू डॉक्टरवर विनापरवाना वैद्यक व्यवसाय आणि जिवाला धोका होईल अशा निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. गाव माझ्यावर बरेच दिवस रुसलं. 'आता सुई कोन देईन,' हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि त्याचं उत्तर माझ्या ठाण्यात नव्हतं. धाकट्याचा पुरवणी जबाब घेतला. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाईचा प्रस्ताव ठेवता आला असता. वरिष्ठांना मी सगळी हकिकत जशीच्या तशी सांगितली आणि त्यांनी समज देऊन सोडायला मान्यता दिली.

ॲक्युपंक्चर परिषदेला अहवाल पाठवायचा होता. तो मी स्वतः लिहिला, अंमलदारावर सोडला नाही. 'परवानगीतील अटींचा भंग झाल्याचे आढळून आले नाही.' आयुष्यात हजारो रूक्ष वाक्यं लिहिली, पण हे लिहिताना मला जितकं हलकं वाटलं तितकं क्वचितच वाटलं असेल.

बाईंना जाता आलं असतं. त्या थांबल्या. दुकानदार उठून घरी जाईपर्यंत वर्ध्यातच राहिल्या. दरम्यान त्यांची मुदत संपली, तेव्हा विद्यार्थ्यांनी एकदा शेवटचं शिकवा म्हणून गळ घातली. त्यांनी पिशवीसुद्धा उघडली नाही. "अब हम सिर्फ मेहमान है. चाय पिलाओ."

मी अहवालाची प्रत त्यांना द्यायला गेलो. त्यांनी ती वाचून घेतली, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "अच्छा है. लेकिन गाँव में ये कागज कौन पढ़ेगा? उधर सब बोलेगा, चीनी औरत ने मारा था. जिसने बोला, वो ही बोले. सबके सामने."

माझ्या कायद्याच्या पुस्तकात याची तरतूद नव्हती. मी फक्त धाकट्यापर्यंत निरोप पोचवला. जबरदस्ती नाही, हेही सांगितलं.

तो तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. ज्या गोष्टीला घाबरून त्याने सगळं रामायण केलं, तीच त्याला भर गावात सांगायची होती. पण एका सकाळी त्याचा फोन आला, "साहेब, बाईले घेऊन या." ग्रामपंचायतीचा स्पीकर, ज्यावरून नळाला पाणी कधी येणार ते सांगतात, त्यासमोर तो उभा होता. बाई आणि मी जीपजवळ थांबलो. चौकात माणसं होती, कट्ट्यावर होती, ओसरीवर बायका होत्या. समोरच त्यांचं किराणा दुकान, आणि गल्ल्यामागे, अंगावर शाल घेऊन, पोराएवढा बारीक झालेला दुकानदार बसला होता.

धाकट्याने माईक तोंडाजवळ धरला. "गावकऱ्यायले सांगतो," तो म्हणाला आणि त्याने दुकानाकडे पाहिलं. मग पुन्हा सुरू झाला. "दादाले बाईच्या सुईनं नाई झालं. बाईची सुई कोरडी होती. तिच्यात औषध नव्हतं. दादाले औषधाची सुई घ्याले मी घेऊन गेलतो. मी खोटं बोललो. बाईची माफी मांगतो."

स्पीकरची खरखर तेवढी चालू होती. त्याची मान खाली होती, आणि मला वाटलं, आता याला कोणीतरी काहीतरी लागट बोलणार आणि हा जन्मभर वर पाहणार नाही.

तेवढ्यात दुकानातून दुकानदाराचा खरखरीत, अजून नीट न भरलेला आवाज आला. "अर्धं काऊन सांगतं बे? पुरं सांग ना! ओली सुई पायजे म्हून मीच मांगं लागलो होतो. हा बिचारा गाडी घेऊन आला फक्त." मग बाईंकडे वळून त्याने हात जोडले. "बाई, पुढल्या साली येजो. आता कोरडीच घेतो. शायेत, उन्हात बसून घेतो."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळा चौक हसला. मला त्याच धाकट्याने सांगितलं होतं की सुचवणारा तोच होता, आणि एवढ्या आजारातून उठलेल्या थोरल्याने ते ओझं भर गावासमोर अर्ध्याहून अधिक आपल्याकडे ओढून घेतलं. दोघांतलं खरं कोण बोललं, हे शोधायची मला गरज वाटली नाही. बाईंना शब्द कळले नसावेत, पण त्या माणसाचे जोडलेले हात कळले. त्यांनीही हात जोडले.

त्या प्रकरणानंतर मी हाताखालच्यांना एकच शिकवत राहिलो. जबाब घेताना आपल्याला माहीत नसलेल्या शब्दाचा अर्थ सगळेच विचारतात. आपल्याला लहानपणापासून माहीत असलेला शब्द आला, की तिथेही थांबा आणि विचारा, 'म्हणजे काय?' समोरचा हसेल, साहेबाला एवढंही कळत नाही म्हणेल. म्हणू द्या. तो एक प्रश्न मी एक दिवस उशिरा विचारला असता तर एक निरपराध शिक्षिका आमच्या नोंदीत बोगस म्हणून राहिली असती, आणि मला सावंगीच्या शवागाराबाहेर उभं राहून एका माणसाचा मरणोत्तर पंचनामा लिहावा लागला असता, ज्याच्या दुकानातून मी पुढे निवृत्त होईपर्यंत चहापत्ती घेत राहिलो.